नेतृत्वाच्या प्रशिक्षणासाठी नाटकातले प्रवेश सुचवा (चाणक्याचे सुविचार नकोत)

तिसरी_घंटा

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या कंपनीत नव्याने मॅनेजर झालेल्यांसाठी दरवर्षी एक प्रशिक्षण असतं. यंदा त्यातले दोन तास माझ्या गळ्यात पडलेत, कारण 'तू नाटकबिटक करतेस ना'. वरून आलेली सूचना एवढीच की काहीतरी आपलं भारतीय घे, चाणक्य वगैरे. म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल: उगवत्या सूर्याच्या फोटोवर चाणक्याच्या नावाने खपवलेली वाक्यं. ती मला करायची नाहीत. चार-पाच प्रवेश निवडायचे, बसलेल्या लोकांनाच भूमिका वाटायच्या, मोठ्याने वाचायचे आणि मग बोलायचं, असं डोक्यात आहे.

सुरुवात सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'पासून करणार हे पक्कं. नाटक इसवीसनपूर्व ४४१च्या सुमाराचं, पण त्यातला क्रेऑन मला प्रत्येक नोकरीत भेटलाय. नुकताच थीब्जच्या गादीवर बसलाय आणि पहिल्याच भाषणात सांगतो की राज्य चालवणाऱ्याने उत्तम सल्ला धरून चालावं, भीतीने तोंड मिटून बसणारा सगळ्यांत वाईट. टाळ्या. लगेच हुकूम सोडतो की शहरावर चालून आलेल्या भाच्याच्या, पॉलिनायसीसच्या, प्रेताला कुणी माती द्यायची नाही. मग एक पहारेकरी येतो. प्रेतावर कुणीतरी माती टाकून गेलंय (टाकलेली असते पॉलिनायसीसच्या बहिणीने, अँटिगनीने) ही खबर त्याला द्यायचीय. तो आधी सांगतो काय, तर वाटेत मी कितीदा थांबलो, परत फिरावं असं किती वाटलं, आणि कुणीच यायला तयार नव्हतं म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकल्या, माझं नशीब फुटकं. उत्तम सल्ल्याचं भाषण होऊन घटकाही झाली नाही आणि वाईट बातमी सांगायला चिठ्ठ्या टाकायची वेळ आलीय! त्यावर क्रेऑन त्यालाच म्हणतो की तू पैसे खाल्लेस.

पुढे त्याचा मुलगा हेमॉन येतो. आधी नमतं घेतो, 'बाबा, मी तुमचाच'. मग म्हणतो की लोक अंधारात काय बोलतात ते माझ्या कानावर येतं, तुमच्या येत नाही, कारण तुमचा चेहरा बघूनच माणसं गप्प होतात. बाप विचारतो, या वयात मी पोराकडून शिकू? शब्दाला शब्द वाढत जातो आणि शेवटी हेमॉन ऐकवतो की ओसाड गावावर तुम्ही एकट्याने फार छान राज्य कराल.

मला हवेत ते असे प्रवेश. खालचा माणूस वरच्याला तोंडावर खरं सांगतोय आणि वरचा त्याचं काय करतो ते दिसतंय. राजाचं भाषण नकोय, राजाचे कान हवेत. सुचवा.

---

खवचट

सगळ्या शोकांतिकाच घेणार का? म्हणजे सगळे राजे शेवटी मरणार किंवा वेडे होणार. नव्या मॅनेजरांना पहिल्याच दिवशी राजीनामे द्यायला लावायचेत का तुम्हाला?

---

तिसरी_घंटा

चालतंय की. यशस्वी लोकांच्या गोष्टी त्यांना बाकीचा सगळा वेळ ऐकवतातच.

---

शिशिर

चाणक्याचे सुविचार नकोत हे मान्य, पण चाणक्याला सोडू नका. विशाखदत्ताचं 'मुद्राराक्षस' ज्याने वाचलंय तो त्याचे सुविचार करणारच नाही.

तिसरा अंक घ्या. चंद्रगुप्त कौमुदीमहोत्सव जाहीर करतो, चाणक्य परस्पर तो रद्द करतो. राजाचा कंचुकी, म्हणजे राजवाड्यातला म्हातारा सेवक, चाणक्याला बोलवायला जातो. जो साऱ्या साम्राज्याची सूत्रं हलवतो त्याचं घर कसं आहे? शेणी फोडायला एक दगड, शिष्यांनी आणलेल्या दर्भाचा ढीग, पडायला आलेल्या भिंती आणि छपरावर वाळत घातलेल्या समिधांच्या भाराने वाकलेली वळचण. कंचुकी मनाशी म्हणतो की ज्याला काही नकोच आहे त्याच्या लेखी राजा म्हणजे गवताची काडी, म्हणून तर हा राजाला 'वृषल', म्हणजे हलक्या कुळातला, म्हणू शकतो. तुमच्या कानांच्या मुद्द्याला हे धरून आहे. ज्याचा पगारवाढीचा फॉर्म तुमच्या टेबलावर पडून आहे तो तुम्हाला 'वृषल' म्हणणार नाही.

मग दरबारात दोघांचं जोरदार भांडण होतं. चंद्रगुप्त म्हणतो, यापुढे राज्य मीच बघेन. हे भांडण खोटं आहे, आधी ठरवून केलेलं, शत्रुपक्षाचा अमात्य, राक्षस नावाचा, त्याच्यापर्यंत बातमी जावी म्हणून. तरीही चाणक्य निघून गेल्यावर चंद्रगुप्त काय म्हणतो ते वाचा. आर्यांच्याच आज्ञेने मी त्यांचा मान मोडला, तरी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटतंय, मग जे खरोखर वडीलधाऱ्यांचा अपमान करतात त्यांचं काळीज फाटत कसं नाही? हा प्रवेश दोघांकडून वाचून घ्या आणि वाचणाऱ्याला आधी सांगूच नका की भांडण लटकं आहे.

आणि अख्ख्या नाटकाचा खटाटोप कशासाठी? राक्षसाला मारायला नाही. नंदांचा हा निष्ठावान अमात्य चंद्रगुप्ताचा मंत्री व्हावा, म्हणजे आपल्याला मोकळं होता येईल, यासाठी. सात अंक खपून हा माणूस स्वतःच्या खुर्चीवर बसवायला शत्रूचा सर्वोत्तम माणूस आणतो. ते झाल्यावर शेंडीला गाठ मारतो आणि बाजूला होतो. खुर्ची सोडण्यासाठी एवढे कष्ट घेणारा दुसरा कुणी मला तरी रंगभूमीवर माहीत नाही.

---

मोरपंखी

शिशिर, छान लिहिलंय, पण किंमत सांगायची विसरलात. एका बनावट पत्रापायी राक्षसाच्या बाजूचा राजपुत्र मलयकेतू आपल्याच बाजूचे पाच राजे मारून टाकतो. काहींना जिवंत पुरतात, काहींना हत्तीच्या पायी देतात. आणि राक्षस शेवटी शरण येतो तो चाणक्याच्या बुद्धीला भुलून नव्हे. त्याचा मित्र चंदनदास याला सुळावर द्यायला नेताहेत, बरोबर बायको आणि लहान पोर आहे, म्हणून. चंदनदास जवाहिऱ्या, राजकारणाशी त्याचा संबंध शून्य. त्याने फक्त मित्राच्या बायकामुलांना घरात लपवलं आणि तोंड उघडलं नाही.

मी चाणक्याऐवजी चंदनदासाचा प्रवेश घेईन. पहिल्याच अंकात आहे. चाणक्य त्याला आधी गोड बोलतो, व्यापार कसा चाललाय विचारतो, मग हळूच धमकी. चंदनदास म्हणतो, राक्षसाचं कुटुंब माझ्या घरी असतं तरी दिलं नसतं, मग नसताना कुठून देऊ? चाणक्य मनातल्या मनात त्याला वाहवा देतो आणि कैदेत टाकतो. मॅनेजर लोकांना हे दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने वाचावं.

---

शिशिर

मान्य. किंमत आहेच. दोन्ही घ्या मग.

---

विंगेतला

तुम्ही सगळे राजे-महाराजे घेऊन बसलात. मी हौशी नाटकांना बरीच वर्षं बॅकस्टेज करतोय, राज्य नाट्य स्पर्धाही केल्यात, म्हणून थोडं खालून लिहितो.

तालमीत दिग्दर्शक देव असतो. तिसरी घंटा झाली, पडदा गेला की त्याला काडीचा अधिकार उरत नाही. तो मागच्या रांगेत नखं खात बसतो नाहीतर बाहेर चहाच्या टपरीवर. आत विंगेत येऊन नटांना सूचना देणारा दिग्दर्शक मी पाहिलाय. त्या अंकात चार जणांच्या एंट्र्या चुकल्या. ज्यांच्या हातात आता प्रयोग आहे त्यांच्या हातात तो खरोखर सोडणं फार थोड्या लोकांना जमतं.

दुसरं, प्रॉम्प्टिंग. हल्ली प्रयोगात कमी झालंय, तालमीत असतंच. नवीन पोरगं बसवलं की नट जरा थांबला रे थांबला की शब्द फेकतं. घेतलेला पॉज आणि विसरलेला पॉज वेगळा दिसतो. विसरलेल्याची मान किंचित विंगेकडे झुकते आणि हाताचं काय करायचं ते त्याला कळेनासं होतं. तेव्हा वाक्य द्यायचं नाही, वाक्याचा पहिला शब्द द्यायचा. एकदाच, नटाला ऐकू जाईल आणि तिसऱ्या रांगेला जाणार नाही असा. अख्खं वाक्य दिलंत की नट तुमचं ऐकत उभा राहतो आणि पुढचंही विसरतो. शिवाय पॉज घेतलेला असताना शब्द फेकलात तर मध्यंतरात काय ऐकून घ्यावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

याचा तुमच्या मॅनेजर लोकांना उपयोग आहे की नाही माहीत नाही.

---

खवचट

विंगेतला, हे कृपया स्लाइडवर टाकू देऊ नका कुणाला. तिथे याचंही सुभाषित होईल.

---

अनुस्वार

शेक्सपिअरचा राजा लिअर राहिला. राज्याची वाटणी सगळ्यांना माहीत असते, पण त्यातला केंट बघा. लिअरने धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, हाकलल्यावर भर दरबारात हा एकटा उभा राहतो आणि सांगतो की राजा, नीट बघ. त्याला हद्दपार करतात, तर वेश पालटून परत येतो आणि त्याच राजाकडे नोकरी धरतो. दुसरा विदूषक. त्याला बोलायची मुभा आहे कारण तो विनोदी, त्यामुळे तो सगळं खरं बोलतो आणि काडीचा उपयोग होत नाही. खरं बोलायचं काम ऑफिसातल्या विनोदी माणसाकडे सोपवलं की असंच होतं.

शिरवाडकरांचा 'नटसम्राट' (१९७०) लिअरच्याच वाटेने जातो, पण तो नेतृत्वाच्या वर्गात घेऊ नका. बेलवलकरांचा प्रवेश वाचताना निम्मे लोक डॉ. लागूंचा आवाज काढतील आणि उरलेले रडतील.

---

कोथरूडकर

बालगंधर्व कसे नाही आले अजून? मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली आणि तरी ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. कामावरची निष्ठा शिकवायला याहून मोठं उदाहरण नाही.

---

मोरपंखी

कोथरूडकर, हात जोडते, हे नका सुचवू. ज्याच्या घरी दुःख आहे त्याने स्वतः उभं राहायचं ठरवणं वेगळं. साहेबाने प्रशिक्षणात ही गोष्ट सांगितली की पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी रजेच्या अर्जावर तिची सावली पडते. बालगंधर्वांचा मोठेपणा त्यांच्यापाशी राहू द्या.

---

कोथरूडकर

असा विचार केला नव्हता. पण मग बालगंधर्वांकडून काहीच घ्यायचं नाही?

---

रावसाहेब_नव्हे

घ्यायचं की. गंधर्व नाटक मंडळीचा जमाखर्च घ्या.

कंपनी निघाली १९१३ साली. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे असे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून मालक झाले. नट, नट आणि संगीतकार. टेंबे निघाले, मग बोडसही निघाले. उरले एकटे बालगंधर्व. प्रेक्षकांना खोटं काही द्यायचं नाही हा त्यांचा बाणा: शालू खरे, अत्तरं खरी, 'द्रौपदी'साठी उभारलेला थाट तर विचारू नका. कर्जाचा डोंगर झाला. त्यांनी कर्ज कुणावर ढकललं नाही, गाऊन फेडलं. ते मोठेपण आहेच. पण माझं मत विचाराल तर ज्या दिवशी बालगंधर्वांना 'नारायणराव, एवढा शालू नको' म्हणू शकणारे दोघे भागीदार गेले, त्या दिवसापासून तो डोंगर वाढायला लागला. क्रेऑनसारखा हा हुकूमशहा नव्हता. अगदी उलट, माणूस लोण्यासारखा. तरीही नको म्हणणारं कुणी उरलं नाही, कारण सगळ्यांचं त्यांच्यावर प्रेम होतं. तिसरी_घंटा, तुमच्या यादीत भीतीने गप्प बसणारे आहेत, प्रेमाने गप्प बसणारे पण घाला.

आणि ८ जुलै १९२१चा 'संयुक्त मानापमान'. मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग. भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव भोसले. दोघेही आपापल्या कंपनीचे मालक, एकमेकांचे स्पर्धक, दोन्हीकडे कडवे चाहते. एका रंगमंचावर आले आणि लोकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं. त्याच ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, वय अवघं ३१. दोन कंपन्यांच्या एकत्र कामाबद्दल बोलायचं असेल तर विलीनीकरणाचे तक्ते सोडा आणि हे सांगा.

---

तिसरी_घंटा

प्रेमाने गप्प बसणारे! हे माझ्या डोक्यातच नव्हतं. घेतेय.

मराठीतला एक प्रवेश मी स्वतः काढलाय: खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त (१९०९) रामशास्त्री राघोबाला नारायणरावाच्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगतात तो. भाषा जड आहे, पण मोठ्याने वाचायला मजा येते.

---

अनुस्वार

घ्या, पण एक लक्षात ठेवा. रामशास्त्री बोलून निघून जातात. राघोबाच्या राज्यात पाणी पिणार नाही म्हणतात आणि जातात. आपण पोरांना हा बाणा शिकवतो, पण तुमच्या वर्गात बसलेली माणसं राघोबाच्या जागेवर आहेत. त्यांना विचारा की शास्त्री निघून गेल्यावर दरबारात कोण उरलं?

---

सह्याद्री_ते_टेम्स

उशिरा आलो. 'हेन्री द फिफ्थ' कुणीच कसं नाही घेतलं? शेक्सपिअरच्या या नाटकातलं ॲजिनकोर्टच्या लढाईआधीचं भाषण, 'आपण थोडे, आपण भाग्यवान, आपण भाऊ', इकडे ऑफिसात इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचा उबग आलाय. आज माझ्याबरोबर जो रक्त सांडेल तो माझा भाऊ, असं राजा म्हणतो. ते घेऊ नका. त्याच्या आदल्या रात्रीचा प्रवेश घ्या.

राजा दुसऱ्याचा झगा पांघरून छावणीत फिरतोय. विल्यम्स नावाच्या साध्या शिपायाशी गाठ पडते. विल्यम्स म्हणतो, लढाईचं कारणच न्याय्य नसेल तर राजाला मोठा हिशोब द्यावा लागेल, लढाईत तुटलेले हातपाय आणि मुंडकी शेवटच्या दिवशी एकत्र येऊन ओरडतील. राजा लांबलचक उत्तर देतो. नीट वाचा, तो कारणाबद्दल अवाक्षर बोलत नाही. शिपायांची स्वतःची पापं ही राजाची जबाबदारी कशी नाही, ते पटवत बसतो. प्रश्न एक, उत्तर भलत्याचंच. मग दोघांची जुंपते आणि ते हातमोजे बदलतात, उद्या जगलो तर भांडू म्हणून. नाव न देता मतं मागवणारे सर्व्हे असतात ना, त्याचा हा मूळपुरुष. मत आलं आणि साहेबाला राग आला. लढाईनंतर राजा त्याचा हातमोजा नाण्यांनी भरून देतो. मूळ प्रश्न तसाच.

आता लढाईनंतरची यादी. इंग्रजांकडचे किती पडले ते राजा स्वतः वाचतो. चार नावं: यॉर्कचा ड्यूक, सफकचा अर्ल, सर रिचर्ड केटली, डेव्ही गॅम. पुढे म्हणतो, नाव घेण्यासारखं आणखी कुणी नाही, इतर सगळे मिळून फक्त पंचवीस. सकाळी भाऊ होते ते. भाषण आणि यादी लागोपाठ वाचायला लावा, मध्ये काही बोलू नका.

---

विंगेतला

बाप रे. ती यादी डोक्यात बसली.

---

खवचट

प्रथमच या धाग्यावर काहीतरी गंभीर लिहितो. 'घाशीराम कोतवाल' घ्या. १९७२चं नाटक, तेंडुलकर, जब्बार पटेल आणि तो माणसांचा पडदा हे सगळं लोकांना माहीत असतं. नाना फडणवीस घाशीरामाला कोतवाली देतो तेव्हाचं त्याचं स्वगत विसरतात. करायला आम्ही, भोगायला आमचा कोतवाल, असा त्याचा हिशोब. नको असलेलं काम खालच्याकडे सोपवायचं आणि शिव्याही त्याच्याच खाती जमा करायच्या. पुढे लोक खवळले की त्याच नानाने सही करून कोतवाल जमावाच्या हाती द्यायचा. क्रेऑन निदान शेवटी स्वतः धावत तरी जातो.

---

तिसरी_घंटा

धावतो, पण कसा! कोरस त्याला स्वच्छ सांगतो की आधी जा आणि गुहेत कोंडलेल्या अँटिगनीला सोडव, मग प्रेताची सोय कर. निरोप्या नंतर येऊन सांगतो ते ऐका. आधी ते प्रेताकडे गेले, धुतलं, जाळलं, वर मातीचा उंचवटा केला, आणि मग गुहेकडे गेले. तोवर अँटिगनीने गळफास घेतला होता. चूक मान्य केल्यावरही त्याने आधी निस्तरलं ते स्वतःच्या हुकमाचं प्रकरण.

तर माझी यादी अशी होतेय: पहारेकरी आणि हेमॉन, चंदनदास, लटकं भांडण, विल्यम्स आणि लगेच ती यादी, शेवटी नानाचं स्वगत. रामशास्त्री वेळ उरला तर. गंधर्व मंडळीचं मी तोंडी सांगेन.

एक अडचण आहे. आमचे मोठे साहेबही बसणार आहेत म्हणे. त्यांना कुणाची भूमिका द्यायची?

---

रावसाहेब_नव्हे

पहारेकऱ्याची. आणि क्रेऑन सगळ्यात नव्या पोराला द्या.

---

खवचट

ते सांगायला त्यांच्या केबिनमध्ये कोण जाणार? चिठ्ठ्या टाका.